मंगळावरची धूळ आणि अण्णाचा मिस कॉल

लोक विचारतात, "अमेरिकेत इतकी वर्षं नेमकं काय केलंत?" मी सांगते, धूळ मोजली. शहरातली माणसं यावर कसनुसं हसतात आणि चहाचं विचारतात. आमच्या संतपुरात असला भिडस्तपणा नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पारावरचे एक आप्पा म्हणाले, "धूळ मोजायला येवढ्या लांब कामून गेलीस माय? बाजारादिशी औरादच्या स्टँडवर हुबी ऱ्हा. पायजे तेवढी मोज." मी म्हटलं, आप्पा, मी मंगळावरची मोजते. आप्पांनी हातच जोडले. "मंगळाचं नाव नको काढू. नातीचं लगीन त्यापायीच अडलंय."

तर आधी धंदा काय ते सांगते, मग पुढचं. मंगळावर पाऊस नाही. धूळ एकदा वर उडाली की तिला धुऊन खाली आणणारं काही नाही. मैद्याहून बारीक, तांबूस धूळ, महिनोन्महिने हवेत तरंगत राहते. दोन हजार चार साली तिथं दोन गाड्या उतरल्या. सहा चाकं आणि पाठीवर काळे चकचकीत पत्रे. पत्र्यांवर ऊन पडलं की वीज तयार होते आणि वीज असेल तोवर गाडी जिवंत. रात्री तिथं अशी थंडी पडते की आतल्या हीटरला वीज मिळाली नाही तर गाडीच्या पोटातली यंत्रं गारठून निकामी होतात. म्हणजे गाडीचा जीव उन्हावर, आणि ऊन धुळीच्या हातात.

त्यातली एक गाडी आमच्या गटाच्या वाट्याची. ती मान वर करून काळ्या भिंगातून सूर्याचा फोटो काढायची. तो फोटो बघून वरची धूळ किती दाट आहे त्याचा आकडा काढायचा, हे माझं काम. अवघड काही नाही त्यात. चुलीत ओली लाकडं घातली की घरातला दिवा मिणमिणता दिसतो. दिवा तोच असतो. तो किती फिका झाला यावरून धूर किती ते सांगता येतं. आकडा एकच्या आत असला तर आम्ही निवांत, दोनवर गेला की कपाळाला आठ्या, आणि चारवर गेला की भर दुपारी गाडीची सावली पडेनाशी होते.

यात एक मेख आहे, ती कळायला मला स्वतःला वर्ष लागलं. वीज कमी झाली तर दोष कुणाचा? हवेतल्या धुळीचा की पत्र्यांवर बसलेल्या धुळीचा? हवेतली आज ना उद्या निवळते. पत्र्यावर बसली ती बसली. तिथं फडकं मारायला कोण आहे? कधीतरी वाऱ्याची एखादी झुळूक आली आणि झाडून गेली तर नशीब. म्हणून रोज दोन्ही धुळी वेगळ्या काढून सांगाव्या लागत. लोकांना वाटतं मंगळाचं काम म्हणजे केवढं थोर. माझं निम्मं आयुष्य धूळ वर आहे का खाली, या एका प्रश्नात गेलं.

गाड्या उतरल्याला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला देशात आले आणि अडकले. चेन्नईला अमेरिकन वकिलातीच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, काम काय करता? मी खरं ते सांगितलं. खरं सांगितलं तिथंच माशी शिंकली. मंगळ, गाडी, कॅमेरा हे ऐकून त्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि "चौकशी होईल, वाट बघा" म्हणाला. चौकशी किती दिवस चालेल ते कुणी सांगेना. दुसऱ्या ग्रहावरचा सूर्य रोज बघणाऱ्या बाईला अमेरिकेत पाय ठेवायची परवानगी नाही! मग मी बिदरला मैलुरात वहिनीकडे येऊन राहिले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाला आम्ही अण्णा म्हणतो. पोरींच्या शाळेसाठी वहिनीने संतपूर सोडून मैलुरात दोन खोल्या घेतल्या होत्या. अण्णा स्वतः हैदराबादजवळ ग्रॅनाइट कापायच्या एका शेडमध्ये कामाला होता. नव्वदनंतर हैदराबाद असं काही फुगत गेलं की ज्याला त्याला स्वयंपाकघरात चकचकीत काळा ओटा पाहिजे झाला. ओटे वाढले तशी आमच्या भागातली माणसं तिकडं ओढली गेली. अण्णा आधी एकटा गेला, मग हळूहळू गावची आठ-दहा पोरं त्यानेच नेली. गुलबर्ग्याला माझं एम.एस्सी. झालं तेही अण्णाच्या जिवावर. "तू शिक, दगड मी फोडतो," म्हणायचा. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.

त्या काळात मोबाईल आला होता पण बोलणं परवडत नव्हतं. अण्णाच्या घरात कायदा होता: संध्याकाळी साडेसातला हैदराबादहून एक मिस कॉल. वाजून थांबला की समजायचं, अण्णा बरा आहे. उचलायचा नाही. उचलला की पैसे गेले. हैदराबादला गेलेल्या सगळ्या पोरांत हीच रीत. खोलीवर पोचलो, वाजव. भाकर खाल्ली, वाजव. अण्णाचं नाव पडद्यावर दिसलं की ती पोरंही उचलत नसत. वाजू द्यायचं आणि कुशीवर वळायचं.

वहिनीला त्या दिवसांत एकच घोर होता. उन्हाळ्यात अण्णा दोन दिवस घरी येऊन गेला तेव्हा जिना चढताना मधेच थांबला होता. "काय न्हाई, दम लागला," म्हणाला. चाळिशीतला माणूस, पाठीवर पोतं घेऊन पळणारा, आणि चार पायऱ्यांत दम? त्यानंतर तो आलाच नव्हता. रोज साडेसातच्या आधीच वहिनी फोन हातात घेऊन बसायची. वाजला की देवाला हात जोडायची आणि कुकर लावायची.

मी येऊन आठवडा झाला नसेल, तोच मंगळावर वादळ उठलं. तिथलं वादळ आपल्यासारखं येऊन जात नाही. एकीकडे उठतं, पसरतं, बघता बघता ग्रहच झाकून टाकतं. आमच्या गटाच्या कॉम्प्युटरात मला परदेशातून शिरता येत नव्हतं. पण गाडीने पाठवलेले कच्चे फोटो इंटरनेटवर सगळ्यांना बघायला टाकत असत, शाळेतल्या पोरांनी बघावेत म्हणून. मग मीही शाळेतली पोर झाले. मैलूरच्या चौकात युसूफभाईंचं इंटरनेटचं दुकान होतं. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला पडदे लावलेली खोकी, त्यात कॉलेजची पोरं निकाल बघत, बाकी काय बघत ते युसूफभाईंना ठाऊक. तिथं बसून मी मंगळाचा सूर्य उतरवून घ्यायची. लाइट गेली की सूर्य अर्ध्यावर अडकायचा.

"क्या अक्का, आज सूरज आया क्या?" युसूफभाई विचारत.

"आला, पण निम्माच."

"हौ, बिदर में भी वैसाच है."

रोज सूर्य फिका होत चालला. आधी ठळक पांढरा ठिपका, मग राखाडी, मग असला नसला सारखाच. आकडा चारवर गेला. गाडीला मिळणारी वीज इतकी उतरली की हीटर चालवायचा की यंत्रं, एवढाच प्रश्न उरला. आमच्या गटाच्या प्रमुख एक साठीच्या बाई होत्या. मी त्यांना मनात मोठ्या बाई म्हणे. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, आणि माझ्याशी बोलायला फोन एकच, वहिनीचा. झालं! मोठ्या बाई साडेसातच्या सुमारालाच फोन करायच्या आणि वहिनी समोर उभी राहून हात हलवायची. "ताई, ठेवा की! त्येंचा यायचा टाइम झालाय!" तिकडे गाडीच्या जिवाची बात चाललेली आणि इकडे मी "नंतर बोलू" म्हणून मोठ्या बाईंचा फोन कापायची. त्या भल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सातलाच करायला लागल्या.

वादळात गाडीशी बोलणं हाच तिच्यावर मोठा भार असतो. रेडिओ लावायलाही वीज लागते. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, रोज बोलू या, निदान कशी आहे ते कळेल. मी म्हटलं, कळेल आणि त्यातच मरेल. धूळ उतरणीला लागलेली नाही, मला फोटोत दिसतंय. तिला सांगा, काही दिवस गप्प पडून राहा. फोटो नको, गप्पा नको. ठरल्या दिवशी फक्त एक बारीक हाक दे.

फोन ठेवला तर वहिनी ऐकतच होती. इंग्रजी येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळायचं. मी तिला मराठीत समजावलं.

"म्हंजी मिस कॉल," वहिनी म्हणाली.

"व्हय, मिस कॉलच."

"मग सरळ तसं सांगा की. येवढं आरडायलाव कामून?"

गाडी गप्प झाली. फोटो नाहीत म्हणून मलाही काम नाही. मी वहिनीबरोबर तूर निवडत बसायची. कान फोनकडे, कारण "गप्प करा" म्हणणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता. ठरल्या संध्याकाळी फोन वाजला. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "तिने हाक दिली." मी खोलीत नाचलेच! दुसऱ्या दिवशी युसूफभाईंनी सगळ्या खोक्यांतल्या पोरांना उठवून चहा पाजला. "मुबारक अक्का, तुमारी गाडी जी गई," म्हणाले.

पुढचे आठवडे आकडा उतरत गेला. सूर्य परत ठळक झाला. गटातले सगळे खुशीत, मी मात्र धास्तावलेली. एका दुपारी वहिनीने विचारलं, "आता तर निवळलंय म्हंता. मग तोंड कामून असं?"

मी म्हटलं, "वहिनी, हवेतली धूळ निवळली म्हंजी गेली कुठं? खालीच बसली ना. तिच्या पाठीवर. वादळात कळत तरी होतं की वाईट दिवस हायत. आता हवा चांगली, आन् वीज तरी कमीच."

"पन मिस कॉल यायलाय की तिचा?"

"येतो की. जीव हाय तवर देणारच. त्याच्यावरून जिती हाय येवढं कळतं. कशी हाय ते कळत न्हाई."

वहिनीचा हात सुपातच थांबला. मी माझ्याच नादात होते, काय बोलून गेले ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी साडेसातला फोन वाजला आणि वहिनीने उचलला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शेजारीच होते, तिकडचा आवाज मला ऐकू येत होता. अण्णा घाबरलाच. "उचललीस कामून? काय झालं? पोरी बऱ्या हायत ना?"

"पोरी बऱ्या हायत. तुमी बोला."

"काय बोलू?"

"कायबी. बोलत ऱ्हावा. मला ऐकायचंय."

"येडी झालीस का? पैसे जायलेत..." एवढं बोलला आणि त्याला ढास लागली. कोरडी, आतून खरवडल्यासारखी. थांबेचना. मधे एकदा "ठेव, ठेव" म्हणाला, परत खोकला. वहिनीने फोन कानाला तसाच धरला होता. तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज नाही. पैसे संपून फोन बंद पडला तेव्हाच तिने हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हैदराबादच्या बसमध्ये बसलो. शेड शहराच्या बाहेर, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी बंद. आत यंत्र दगडात घुसत होतं, सुकंच, पाण्याचा थेंब नाही. पांढऱ्या धुराळ्यात माणसं नुसती हलताना दिसत होती. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. त्यातला अण्णा कुठला ते मला ओळखू येईना. वहिनीला मात्र लगेच ओळखू आला. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप आली होती. सवयीने माझी नजर तिच्यावर गेली. दोन हातांवर ती विरून जात होती. मंगळावर इतकी धूळ असती तर मी मोठ्या बाईंना झोपेतून उठवलं असतं. आणि तिथं तर कुणी श्वास घेत नाही. मला स्वतःचा असा राग आला!

वहिनीने काय करावं? कोपऱ्यात पाण्याची बादली होती, ती उचलली आणि सकाळी अंगणात सडा टाकावा तसं ओंजळीने शेडमध्ये पाणी शिंपडत निघाली. दिसली धूळ की सडा, हेच तिला ठाऊक. मुकादम ओरडत धावला, "ओ अम्मा! क्या करते? करंट लगेगा!" यंत्र बंद पडलं. गावची पोरं रुमाल काढून हसायला लागली. "काकी, हितं सडा? रांगोळी बी काढा आता!" वहिनी त्यांच्यावर उखडली. "हसायलाव काय, मुडद्यांनो! खायलाव ही धूळ, खायलाव! तुमच्या माय बघत्याल तर ऊर बडवत्याल!" अण्णा पुढं आला, बादली तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला, "चल घरी."

बिदरला डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. बाहेर येऊन ते वहिनीला म्हणाले, "औषध देतो, आराम पडेल." चांगला माणूस होता, बाईमाणसाला घाबरवायचं नाही म्हणून तसं म्हणाला असेल. त्याच आठवड्यात माझा पासपोर्ट आला. मंगळावरूनही बातमी आली. कुठूनशी झुळूक येऊन गाडीचे पत्रे बरेचसे झाडून गेली होती, वीज एकदम वाढली होती. मी हे घरात सांगितलं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. अण्णाने नुसतं ऐकून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी, वहिनी भाजीला गेलेली बघून, अण्णाने तो फोटो पिशवीतून काढला आणि दाराच्या उजेडात धरला. "डॉक्टर ग्वाड बोलतोय. तू सांग. तुझं कामच हाय हे."

माझं कामच होतं ते. फोटोतली धूळ वाचायची. छातीच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडे, रवा सांडावा तसे पांढरे कण. मी डॉक्टर नाही, हे खरं. पण आजवर कुठल्या फोटोकडे मी इतकं न्याहाळून पाहिलं नव्हतं आणि इतकं नको वाटलं नव्हतं.

"ही निघायची न्हाई, अण्णा."

"वारं आलं तरी?"

"न्हाई. नवी तेवढी जाऊ द्यायची न्हाई. परत त्या शेडात जायचं न्हाई."

अण्णाने फोटो खाली ठेवला. "बरं झालं सांगितलीस," म्हणाला. मग उंबऱ्यावर बसला. मला रडू आवरत नव्हतं, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसला. मग एकदम म्हणाला, "आन् ती पोरं? त्येन्ला मीच नेलोय."

फोन काढला आणि पहिल्या पोराला लावला. फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला. सगळ्यांचे फोन चालू होते, सगळे वाजत होते. "उचल रे," अण्णा म्हणत होता, "उचल की बाबा." परत पहिल्याला लावला. तोवर वहिनी भाजी घेऊन दारात आली होती. अण्णाने आमच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

"त्येन्ला वाटायलंय," तो म्हणाला, "मी बरा हाय म्हनून सांगायलोय."

सकाळी तो फोटो काखेत धरून अण्णा हैदराबादच्या गाडीत चढला. वहिनी आडवी आली होती. "आत न्हाई जात," त्याने सांगितलं, "दारात हुबा ऱ्हाऊन एकेकाला भाईर बोलावतो."